चालेलच असं नाही

निइहामात, पेट्रोल पंपाला लागून, जुन्या वस्तूंचं दुकान.
मागच्या भिंतीशी निळी टोपली,
तिच्यात खेळण्यातल्या आगगाड्या एकीवर एक,
बाजार उठल्यावर उरलेल्या मासळीसारख्या.
वर पुठ्ठा: कोणतीही घ्या, एकशेदहा येन.
चालेलच असं नाही. परत घेतली जाणार नाही.

मी आधी वास घेते.
पोटाचं झाकण उघडून नाक आत.
आंबूस आला तर बॅटरी आतच मेली,
कुणीतरी गाडी कपाटात ठेवली आणि विसरलं.
पत्र्यावर हिरवट मीठ फुललेलं असतं.
घाबरायचं नाही. तांदळाचा व्हिनेगर, कापसाची काडी,
मग नखांची कानस, पत्रा पुन्हा चकाकेपर्यंत.

मग चाक अंगठ्याने ढकलते.
अडलं तर बहुतेक केस.
आसाला गुंडाळलेले, लांब, काळे,
गालिच्यावरून फिरता फिरता गोळा झालेले
कुणाच्या तरी आईचे.
चिमट्याने एकेक सोडवायचे.
घाई केली की तुटतात, आणि आत राहतात.

एकतीस वर्षं मी कवळ्या बनवल्या.
या गावातले अर्धे म्हातारे
माझ्या दातांनी मुळ्याचं लोणचं खातात.
बसमध्ये कुणी हसलं की मनात येतं,
वरचा डावा सुळा जरा जास्तच घासला आपण.
हात रिकामे झाले तेव्हा हे दाते सापडले,
पांढऱ्या प्लास्टिकचे, तिळाएवढे.
मोटरच्या टोकाचं चक्र चिरतं. नेहमी तेच.
मोटर गुणगुणत राहते, गाडी जागची हलत नाही.
गोंद टिकत नाही. सगळेच एकदा लावून बघतात.
दुसरी मेलेली गाडी शोधायची, तिचं चक्र हिला.
म्हणून तीन घेते तेव्हा एक धावते.

तेल टाचणीच्या टोकावर मावेल तेवढंच.
जास्त झालं की ते चाकांच्या रबरावर उतरतं
आणि चढावर गाडी हळूहळू मागे येते,
तोंड पुढेच ठेवून.

पोटावर नावं असतात, मार्करने.
परवाच्या गाडीवर हारुओ, त्यावर रेघ.
खाली मिनोरी, ससा वर्ग. र उलटा पडलेला.
स्पिरिटने दोन मिनिटांत जाईल.
बाकी सगळं पुसते.
बोळा नावाला वळसा घालून जातो.

रात्री जेवणाचं टेबल भिंतीला लावते.
रूळ फ्रिजखालून निघून देव्हाऱ्याच्या पायाशी वळतात.
तिथे नवऱ्याचा फोटो आहे. त्याला आवाज खपायचा नाही.
आता खपतो.
चार फेऱ्या, कधी पाच.
मग बॅटरी काढून बशीत ठेवायची, रोज, न चुकता.
हा एकच नियम मी दुसऱ्याला सांगेन.

फक्त गल्ल्यावरच्या किताझावाशी मी खोटं बोलले.
दोन वर्षांपूर्वी त्याने विचारलं, कुणासाठी?
तोंडून निघून गेलं: नातवासाठी, सेंदाईला असतो, पाच वर्षांचा.
मला मूलच नाही.
पण खोट्याचंही वय वाढतं.
हिवाळ्यात त्याला सहावं लावलं,
सर्दीने आजारी पाडलं, बरं केलं,
एकदा त्याच्या नावाने चढाचा पूल नेला.
किताझावा आता चांगल्या गाड्या बाजूला काढून ठेवतो,
वर्तमानपत्रात गुंडाळून. पैसे तेवढेच घेतो.

काल म्हणाला, सात झाले ना आता?
माझ्या मुलाने सातव्या वर्षीच सोडलं सगळं.
तीच टोपली भरली त्याने.
मी पुडी पिशवीत ठेवली.
सुट्टे मोजायला जरा जास्तच वेळ घेतला.

हा नाही सोडायचा, म्हटलं.
आजीवर गेलाय.